गल्लीतून वाहतूक वळवणार असतील तर: मोजणी कशी करावी, हरकत कशी नोंदवावी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची जाहीर सूचना येते. अमुक चौक ते तमुक चौक एकेरी वाहतूक, किंवा सहा मीटरचा रस्ता नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव, हरकती असल्यास मुदतीत कळवाव्यात. बहुतेक वस्त्यांना हे कळते ते बॅरिकेड लागल्यावर किंवा भिंतीवर लाल रंगाने खुणा झाल्यावर. मग मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, आणि निवेदनात लिहिलेले असते की नागरिकांची प्रचंड गैरसोय होत आहे. या वाक्यावर अभियंत्याला काहीच करता येत नाही. त्याच्या फाइलमध्ये आकडे आहेत, तुमच्या निवेदनात नाहीत. आठ-दहा माणसे, एक मोजपट्टी, मोबाइलमधले स्टॉपवॉच आणि दोन आठवडे एवढ्यात ते आकडे तुम्हाला जमवता येतात. खालची पद्धत महाराष्ट्रातल्या महापालिका असलेल्या शहरांसाठी आहे. मुंबईचा महापालिका अधिनियम १८८८ चा आणि वेगळा असल्याने तिथे कलमांचे आकडे बदलतात, मोजणी तीच राहते.

आधी निर्णय कोणाचा ते ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज मुदत संपेपर्यंत फिरत राहतो.

एकेरी मार्ग, नो पार्किंग, जड वाहनांना बंदी, पी-१ पी-२ (सम-विषम तारखेप्रमाणे रस्त्याच्या एकाच बाजूला पार्किंग) हे आदेश वाहतूक पोलिसांचे. त्यांचा आधार मोटार वाहन अधिनियम १९८८ ची ११५ ते ११७ ही कलमे. कलम ११५ प्रमाणे निर्बंध एका महिन्याहून जास्त राहणार असेल तर राजपत्रात अधिसूचना लागते; महिन्याच्या आतला असेल तर स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणूनच बदल बहुधा ‘प्रायोगिक तत्त्वावर’ सुरू होतात. तोच महिना तुमच्या कामाचा. हरकत जाते पोलीस उपायुक्त, वाहतूक यांच्याकडे, प्रत महापालिकेच्या पथ विभागाला.

रस्ता रुंद करायचा असेल तर तो दोन वाटांनी येतो. एक वाट विकास आराखड्याची. आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतींना एक महिना मिळतो. दुसरी वाट महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० ची, म्हणजे रस्त्याची रेषा नव्याने ठरवण्याची. आराखड्याला हात न लावता या वाटेने रस्ता रुंद दाखवता येतो. २०२० मध्ये पुण्यात सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव याच कलमाखाली आला होता. त्यामागे वाहतूक हे एकमेव कारण नव्हते. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या इमारतींना टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क, वापरता येत नव्हता, त्यामुळे पुनर्विकास अडला होता. रुंदीकरणाचे खरे कारण वाहतूक आहे की बांधकामाचा हक्क, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. उत्तरावर तुमची मागणी बदलते.

कलम २१० मधल्या दोन अटी तोंडपाठ ठेवा. स्थायी समितीच्या ज्या बैठकीत निर्णय व्हायचा तिच्या किमान एक महिना आधी वर्तमानपत्रात आणि राजपत्रात जाहीर सूचना हवी, शिवाय आयुक्तांच्या सहीची सूचना प्रत्यक्ष त्या रस्त्यावर लावलेली हवी. आणि लेखी हरकत बैठकीच्या किमान तीन पूर्ण दिवस आधी नगरसचिव कार्यालयात पोचायला हवी. पूर्ण दिवस मोजताना अर्ज दिल्याचा दिवस आणि बैठकीचा दिवस धरायचा नाही. बैठक शुक्रवारी असेल तर अर्ज सोमवारी आत गेला पाहिजे. मंगळवारी दिलेला अर्ज विचारात घेण्याचे बंधन समितीवर राहत नाही. रस्त्यावर सूचना लावलीच नसेल तर रिकाम्या खांबांचे, चौकाचे तारखेसह फोटो काढून ठेवा. प्रक्रियेतली ही त्रुटी पुढे वजनदार ठरते. महापालिकेवर प्रशासक असेल तर स्थायी समितीचे अधिकार त्याच्याकडे असतात, पण सूचना आणि मुदत सुटत नाही.

काँक्रिटीकरण, दुभाजक, गतिरोधक, पदपथ अरुंद करणे या कामांना बहुतेक वेळा जाहीर सूचनाच नसते. ती अंदाजपत्रकातून थेट निविदेत जातात. त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याकडे रस्त्याचा ‘क्रॉस सेक्शन’ मागा. एका पानाचा नकाशा असतो. त्यात दोन्ही बाजूंची रुंदी, पदपथ, पावसाळी गटार, पार्किंग सगळे मीटरमध्ये लिहिलेले असते.

माणसे मोजा

सरकारी सर्वेक्षणात वाहने पीसीयूमध्ये मोजतात, म्हणजे प्रत्येक वाहन किती मोटारींएवढे धरायचे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या शहरी रस्त्यांसाठीच्या १९९० च्या मानकात मोटार १, दुचाकी ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २, बस किंवा ट्रक २.२ ते ३.७, सायकल ०.४ ते ०.५ असे आकडे आहेत. रहदारीत त्या वाहनाचे प्रमाण ५ टक्के असेल तर पहिला आकडा, १० टक्के किंवा जास्त असेल तर दुसरा. ही पद्धत चुकीची नाही. रस्त्यावर वाहन किती जागा अडवते एवढेच ती सांगते. अडचण अशी की तिच्यात चालणारा माणूस शून्य आहे आणि बसमधले चाळीस प्रवासी दिसतच नाहीत. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्यावरची जागा वाहनांना नव्हे तर माणसांना द्यावी असे स्पष्ट म्हटले आहे. तुमच्या अर्जात या धोरणाचे नाव आणि माणसांचा आकडा शेजारी शेजारी आले पाहिजेत.

मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवडा. सणाचा आठवडा, शाळांच्या सुट्या, जोराचा पाऊस, आठवडी बाजाराचा दिवस टाळा. बाजारामुळेच अडचण होत असेल तर तो दिवस वेगळा मोजा, सरासरीत मिसळू नका. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५.३० ते ८.३०. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडा आणि पाच-पाचच्या जुडीने उभ्या रेघा मारा. एका दिशेला दोन माणसे: एकाकडे दुचाकी आणि सायकल, दुसऱ्याकडे मोटार, रिक्षा, टेम्पो, बस. पादचाऱ्यांसाठी तिसरा माणूस वेगळाच हवा. वाहने मोजणाऱ्यालाच पादचारी मोजायला सांगितले की गर्दीच्या वेळी पहिल्यांदा पादचारी सुटतात, आणि मोजणीचा मुद्दाच निघून जातो. दर दीड तासाने माणसे बदला. त्यापुढे रेघा कमी पडायला लागतात.

वाहनात किती माणसे बसली आहेत हे प्रत्येक वाहनाचे बघत बसू नका. वेगळा अर्धा तास काढून प्रत्येक प्रकारची शंभर वाहने पाहा आणि सरासरी काढा. रिक्षाचालकाला धरू नका. बससाठी आसने भरलेली, निम्मी भरलेली, उभे प्रवासी अशा तीन वर्गांत अंदाज करा आणि तो अंदाज आहे असे पत्रकावर लिहा.

हिशेब कसा दिसतो ते पाहा. समजा गर्दीच्या तासात ४२० दुचाकी, १८० मोटारी, ९० रिक्षा, १२ बस, ३० सायकली आणि ६५० पादचारी गेले. सरासरी माणसे दुचाकीवर १.३, मोटारीत १.५, रिक्षात १.६, बसमध्ये ४० निघाली. म्हणजे दुचाकीवरून ५४६, मोटारीतून २७०, रिक्षातून १४४, बसमधून ४८०, सायकलवरून ३० आणि पायी ६५०. एकूण २,१२० माणसे. आता तीच रहदारी पीसीयूमध्ये मांडा: दुचाकी ३१५, मोटारी १८०, रिक्षा १८०, बस सुमारे २६, सायकली १२, बेरीज साधारण ७१३. बसने व्यापलेली जागा चार टक्क्यांहून कमी, तिच्यातली माणसे जवळपास २३ टक्के. मोटारींनी व्यापलेली जागा २५ टक्के, माणसे १३ टक्के. पादचारी ३१ टक्के, जागेच्या हिशेबात शून्य. दोन्ही बेरजा एकाच तक्त्यात द्या. सुनावणीत बाकी काही बोलायला मिळाले नाही तरी हा तक्ता समोर ठेवा.

मोजणी फक्त सूचनेतल्या रस्त्यावर करून थांबू नका. एकेरी मार्ग केला की परतीची वाहतूक कुठेतरी जातेच, आणि ती शेजारच्या समांतर गल्लीतून जाते. त्या गल्लीची आजची मोजणी नसेल तर सहा महिन्यांनी वाढ सिद्ध करता येत नाही.

वेग, ओलांडणे, पदपथ

एकेरी रस्त्यावर समोरून येणारे कोणी नसते, म्हणून वेग वाढतो. वेग मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्याच्या कडेला खडूने ३० मीटर अंतरावर दोन खुणा करा. वाहनाचे पुढचे चाक पहिल्या खुणेवर आले की स्टॉपवॉच सुरू, दुसरीवर आले की बंद. १०८ ला सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर मिळतात: ३ सेकंद म्हणजे ३६, २ सेकंद म्हणजे ५४. मोकळेपणी धावणारी शंभर वाहने घ्या. कोंडीत अडकलेली घेऊ नका, नाहीतर रस्ता सुरक्षित असल्याचा खोटा पुरावा तुम्हीच तयार कराल. वेगाचे आकडे चढत्या क्रमाने लावून ८५ वा आकडा पाहा. रस्त्याचा वेग म्हणून अभियंते हाच आकडा मानतात. मोजणाऱ्याला झाडामागे किंवा दुकानाच्या पायरीवर बसवा. पिवळे जाकीट घालून रस्त्यात उभा राहिला की सगळे हळू जातात.

वेग जास्त निघाला तर गतिरोधक मागण्याचा मोह होतो. मागायचाच तर मापासह मागा. ताशी २५ किलोमीटरसाठी मानक गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. रातोरात टाकलेले अरुंद उंच डांबरी ढिगारे आणि प्लास्टिकच्या पट्ट्या यांनी पाठीचे दुखणे वाढते, रुग्णवाहिका अडते, आणि दोन गतिरोधकांच्या मधे दुचाकी पुन्हा जोरात सुटतात.

ओलांडणी मोजण्यासाठी सर्वांत जास्त लोक जिथून जातात ती जागा धरा, चौकातच उभे राहायला हवे असे नाही. सिग्नल किंवा नियंत्रित ओलांडणी हवी का, हे तपासण्याची एक जुनी कसोटी इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मानकात आहे: तासाला ओलांडणारे पादचारी गुणिले तासाच्या वाहनसंख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार १० कोटींच्या वर, दुभाजक असलेल्यावर २० कोटींच्या वर गेला की मागणी मानकात बसते. वरच्या उदाहरणात तासाला ७३२ वाहने आहेत. ३०० माणसे ओलांडत असतील तर ३०० × ७३२ × ७३२ म्हणजे सुमारे १६ कोटी. चार गर्दीच्या तासांची सरासरी घ्या, एकाच तासाचा आकडा देऊ नका.

या कसोटीची एक मोठी उणीव आहे. रस्ता इतका धोक्याचा झाला की माणसे ओलांडायचेच सोडतात, आकडा खाली येतो आणि सिग्नल नाकारला जातो. म्हणून शाळा सुटण्याच्या वेळी पालक मुलांना आणायला येतात का, समोरच्या दवाखान्यात ज्येष्ठ रिक्षाने जातात का, याची वेगळी नोंद ठेवा. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९७० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्या रस्त्यांची तुलना केली होती. दिवसाला सुमारे २,००० वाहने असलेल्या रस्त्यावर रहिवाशांचे सरासरी तीन मित्र त्याच रस्त्यावरचे होते, १६,००० वाहने असलेल्यावर एकही पुरता नव्हता. आपल्याकडचा ओटा, पार, कट्टा याच रीतीने ओस पडतो, आणि हे नुकसान कुठल्याच प्रकल्प अहवालात धरलेले नसते.

सिग्नल असेलच तर हिरव्या माणसाचे सेकंद मोजा. १४ मीटर रुंदीला सेकंदाला १.२ मीटर या नेहमीच्या हिशेबाने १२ सेकंद लागतात. काठी घेऊन चालणाऱ्याचा वेग ०.८ धरला तर १७.५. दहा सेकंदांचा सिग्नल असेल तर तेवढे एकच वाक्य अर्जात पुरे.

पदपथ मोजताना एका टोकाची रुंदी लिहून मोकळे होऊ नका. दर २० मीटरला मोजपट्टी लावा आणि दोन आकडे लिहा: बांधलेली रुंदी आणि चालायला उरलेली मोकळी रुंदी. मानक किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि २.२ मीटर मोकळी उंची सांगते, कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरच्या आत. काय अडवते ते नावाने लिहा: वीज डीपी, फ्लेक्सचा खांब, बसथांबा, पार्क केलेल्या दुचाकी, सोसायटीच्या फाटकासाठी केलेला उतार. फाटकाचा उतार पदपथ दर पंधरा-वीस मीटरला खाली आणतो आणि व्हीलचेअर रस्त्यावर उतरते. हे बहुतेकदा वस्तीतल्या लोकांनीच केलेले असते, तेही प्रामाणिकपणे लिहावे. फेरीवाल्यांचा रकाना वेगळा ठेवा. पथविक्रेता अधिनियम २०१४ प्रमाणे त्यांच्या जागेचा प्रश्न नगर पथविक्रेता समितीसमोर जायला हवा. पदपथ मोकळा करण्याच्या नावाखाली हातगाडी उचलायची आणि मोटार तशीच ठेवायची, अशी मागणी आपल्या अर्जातून जाता कामा नये.

दुकानदारांना सोबत कसे घ्यायचे

दुकानापुढचे पार्किंग गेले की धंदा बुडेल ही भीती खरी असते. ती झिडकारू नका, मोजून दाखवा. सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९, दर अर्ध्या तासाने फेरी मारून उभ्या गाड्यांच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहा. कोणती गाडी किती वेळ हलली नाही ते कळते. दिवसभर हलत नाहीत त्या गाड्या बऱ्याचदा ग्राहकांच्या नसतात: दुकानमालकाच्या, कामगारांच्या, वरच्या मजल्यावरच्या कार्यालयाच्या असतात. वीस जागांपैकी सहा अशा अडल्या असतील तर मागणी पार्किंग काढण्याची नाही, अल्पमुदतीच्या पार्किंगची होते, आणि दुकानदार सही करतात. अर्जात गाडीचे क्रमांक देऊ नका, फक्त बेरीज द्या.

रुंदीकरणात काय बिघडते

सहाचे नऊ मीटर म्हणजे दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर. ही जागा महापालिका बहुधा एकदम ताब्यात घेत नाही. एकेक इमारत पुनर्विकासाला जाते तेव्हा सुटते. त्यामुळे दहा-पंधरा वर्षे रस्ता करवतीच्या दातांसारखा राहतो. नव्या इमारतीपुढे फुगलेला, जुन्या वाड्यापुढे आवळलेला. वाहतुकीची क्षमता सर्वांत अरुंद जागा ठरवते, म्हणून ती वाढत नाही, आणि फुगलेल्या खोबणीत पार्किंग बसते. दरम्यान नव्या इमारतीत पूर्वीच्या तिप्पट-चौपट घरे येतात आणि त्यांच्या गाड्या त्याच गल्लीत उतरतात. तुमची मागणी यावर असावी: सुटलेली जागा पहिल्या दिवसापासून पदपथ म्हणून बांधा, मंजूर क्रॉस सेक्शनमध्ये तसे दाखवा, आणि जलवाहिनी, मलवाहिनी यांची क्षमता तपासल्याचा अहवाल जोडा.

झाडे कापायची असतील तर त्यांची प्रक्रिया वेगळी चालते. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाडावर नोटीस लागते आणि हरकतीला फक्त सात दिवस मिळतात. रस्त्यावरच्या झाडांची यादी, जात आणि छातीच्या उंचीवरचा घेर आधीच लिहून ठेवलेला असेल तरच सात दिवस पुरतात.

उड्डाणपुलाबाबत एकच गोष्ट सांगावीशी वाटते: पुलाचा उतार कुठे टेकतो तो बिंदू नकाशात शोधा. कोंडी पुढच्या चौकात सरकते आणि उताराच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांना ओलांडायला जागाच राहत नाही. पुण्यात विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल मेट्रोच्या कामासाठी २०२० मध्ये पाडावे लागले. पूल आणि मेट्रो एकाच नकाशावर मांडले आहेत का, हा प्रश्न प्रत्येक सुनावणीत विचारावा.

अर्ज

दोन पाने, त्याहून जास्त नको. कागदपत्रे आधी माहितीच्या अधिकारात मागवा: वाहतूक सर्वेक्षणाचा अहवाल, मंजूर क्रॉस सेक्शन, गेल्या तीन वर्षांतल्या अपघातांची त्या रस्त्याची यादी. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस लागतात, तेव्हा हरकतीची मुदत उत्तराची वाट पाहत घालवू नका. हरकत द्या आणि ‘सर्वेक्षण अहवालाची प्रत मागितली आहे, ती मिळाल्यावर पुरवणी म्हणणे मांडण्याचा हक्क राखून ठेवत आहोत’ असे लिहा.

मजकुराचा सांगाडा असा:

‘विषय: … रस्ता एकेरी करण्याच्या दि. … च्या सूचनेवर हरकत व सूचना.
१. आम्ही दि. … व दि. … रोजी, दोन्ही दिवस सकाळी ८ ते ११ व सायंकाळी ५.३० ते ८.३० या वेळेत मोजणी केली. पत्रके सोबत जोडली आहेत.
२. गर्दीच्या तासात … माणसे जातात. पैकी पायी … टक्के, बसने … टक्के.
३. बदलामुळे … क्रमांकाच्या बसचा परतीचा थांबा … मीटर दूर जातो.
४. पर्याय: बसला दोन्ही दिशांनी प्रवेश ठेवावा; … ते … ओलांडणी द्यावी; समांतर गल्लीत जड वाहनांना बंदी असावी.
५. प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी.’

तिसरा मुद्दा प्रत्यक्ष चालून मोजा. एकेरी मार्गात जाण्याचा थांबा दाराशी आणि येण्याचा पलीकडच्या रस्त्यावर असे होते. चारशे-पाचशे मीटर वाढले की म्हातारी माणसे बस सोडतात, शेअर रिक्षाचा थांबाही हलतो, आणि घरकामाला येणाऱ्या बायकांचा रोजचा अर्धा तास जातो.

शंभर जणांनी एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर सह्या केल्या तर ती एक हरकत धरली जाण्याचा धोका असतो. दहा घरांनी आपापले मुद्दे वेगळे लिहिले तर दहांवर उत्तर द्यावे लागते. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ईमेलवर अवलंबून राहू नका. सुनावणीत तीन मिनिटे मिळतात. एकाने तक्ता दाखवावा, एकाने पर्याय सांगावा, बाकीच्यांनी गप्प बसावे.

बदल सरसकट नाकारण्यापेक्षा एका दिवसाचा किंवा महिन्याचा प्रयोग मागणे अधिक मान्य होते. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून चालणाऱ्यांना दिला होता, तेव्हा उदाहरण हाताशी आहे. प्रयोग सुरू झाला की पहिला आठवडा सोडा, लोक वाट शोधत असतात. तिसऱ्या आठवड्यात दुसरी मोजणी करा: तोच वार, तेच तास, तोच खांब, समांतर गल्लीसह. दोन्ही मोजण्यांची मूळ हाताने भरलेली पत्रके फेकू नका. आदेश कायम करण्याच्या बैठकीला जाताना छापील तक्त्याच्या खाली तीच ठेवलेली असावीत.